व्हेज मंच्युरियनचे कूळ: कोलकाता ते कामोठे

व्हेज मंच्युरियनचे मूळ ईशान्य चीनमधील मंच्युरियात शोधणे व्यर्थ आहे, कारण या पदार्थाचे कूळ कोलकात्याचे आणि जन्म मुंबईचा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हुगळीकाठी पहिली चिनी वस्ती झाली. पुढे कँटन परिसरातील सुतार आणि कातडी कमावण्याच्या धंद्यात शिरलेले हाक्का, म्हणजे दक्षिण चीनमधील एका स्वतंत्र बोलीचे लोक, कोलकात्यात स्थिरावले, आणि तिरेट्टा बाजार व टांगरा या भागांतील त्यांच्या खाणावळींत सोया सॉसची भारतीय तिखटाशी सोयरीक जुळली. १९६२ च्या भारत-चीन युद्धानंतर याच समाजातील अनेकांना राजस्थानातील देवळी येथे स्थानबद्ध करण्यात आले आणि पुष्कळ कुटुंबांनी देश सोडला. भारतीय ‘चायनीज’च्या कौतुकात हे प्रकरण सहसा गाळले जाते, ते गाळले जाऊ नये.

कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे आचारी नेल्सन वांग मुंबईत आले. १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात, यादीबाहेरचे काही नवे मागणाऱ्या ग्राहकासाठी, त्यांनी बारीक चिरलेले आले, लसूण आणि हिरवी मिरची अशी अगदी देशी सुरुवात केली, पण गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस घातला आणि त्यात कोंबडीचे तुकडे व कॉर्नफ्लोअर, म्हणजे मक्याचे सत्त्व, मिळवले, अशी मूळ चिकन मंच्युरियनची हकिगत ते स्वतः सांगत असत.

सोमवार, गुरुवार आणि श्रावण पाळणाऱ्या मुलखात या पदार्थाला शाकाहारी रूप आल्यावाचून तो घरोघरी पोचणे कठीण होते. त्यासाठी कोबी व गाजर बारीक चिरून, मीठ लावून, सुटलेले पाणी घट्ट पिळून काढले जाते; नंतर मैदा व कॉर्नफ्लोअर बांधण्यापुरतेच घालून गोळे तळतात, कारण पाणी राहिले तर गोळा तेलात फुटतो आणि पीठ जास्त झाले तर तो आत चिवट होतो. रश्शाला घट्टपणा व चकाकी येते ती थंड पाण्यात कालवून शेवटी ओतलेल्या कॉर्नफ्लोअरमुळे. ते थेट गरम रश्शात टाकल्यास त्याच्या गुठळ्या होतात.

हे शाकाहारी मंच्युरियन ज्या नव्या वसाहतींत रुळले, त्यांतली एक कामोठे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची. तिच्या आखणीतून आगरी-कोळ्यांच्या कामोठे गावाभोवती सेक्टर उभे राहिले, मानसरोवर व खांदेश्वर ही हार्बर मार्गावरील स्थानके जवळ आली आणि कोकणातून, घाटावरून व मुंबईच्या चाळींतून आलेल्या कुटुंबांनी येथे घरे घेतली. या वसाहतीत वाढलेल्या पिढीचे हॉटेलातले बालपण मुख्यतः मंच्युरियनशी बांधलेले आहे: वाढदिवस किंवा निकालाचा दिवस, वन बाय टू मागवलेले मंचाव सूप, बशीतले मोजके गोळे भावंडांत वाटताना होणारे तंटेबखेडे आणि उरलेला रस्सा फ्राइड राइसवर ओतून घेण्याचा हट्ट. ही आठवण उसन्या चवीची म्हणून कमी लेखणे अन्यायाचे आहे, कारण नव्या वसाहतीत वेगवेगळ्या गावांची मुले ज्या एका पदार्थावर एकमताने येत, तो कोणाच्याच आजीच्या घरचा नव्हता.

मंच्युरियनच्या जोडीला येणाऱ्या शेजवानची कथा आणखी लक्षणीय आहे. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९७३ मध्ये सुरू झालेल्या गोल्डन ड्रॅगनने चीनच्या सिचुआन, म्हणजेच शेजवान, प्रांताची पाककला येथे आणली. तेथील मूळ चवीचा प्राण म्हणजे जीभ बधिर करणारी मिरीसारखी फळे. मुंबईच्या गाड्यांवर मात्र ती गळाली आणि लाल सुकी मिरची, लसूण, तेल व व्हिनेगर एवढ्यावर शेजवान चटणी उभी राहिली. वनस्पतिशास्त्राप्रमाणे त्या फळांचे झाड आणि कोकणातील तिरफळाचे झाड एकाच प्रजातीसमूहातले आहे, म्हणजे सिंधुदुर्गातून आलेल्या ज्या घरांत बांगड्याच्या आमटीत तिरफळे ठेचून पडतात, त्या घरांच्या डब्यात शेजवानचा हरवलेला मसाला आपल्या सख्ख्या भावंडाच्या रूपाने आधीपासूनच आहे.