पावसाची विजार

सिंदेवाही हे गाव कृषिक्षेत्रातल्या मंडळींना तेथील धान संशोधन केंद्रामुळे परिचित आहे. आम्ही तेथे रोवणी पाहिली ती एका जाणत्याच्या बांधीवर, भर पावसात. स्त्रियांच्या डोक्यावर आणि पाठीवर प्लास्टिकची खोळ होती. एके काळी तिच्या जागी घोंगडी असे. लुगडे मात्र गुडघ्याच्या वर खोचलेले, आणि पाय चिखलात उघडेच. पावसापासून वाचण्याची सारी तजवीज कमरेच्या वर. कोकण-मावळातले इरलेही असेच डोके आणि पाठ झाकून थांबते. इरले, घोंगडी, खोळ हे शब्द मराठीत घरचे आहेत. पाय पावसापासून झाकणाऱ्या वस्त्राला मात्र असा रूढ शब्द नाही. विजार, तुमान, पायजमा हे शब्द अरबी-फारसीच्या वाटेने आले, आणि त्यांच्या अर्थात पाऊस कोठेच नाही.

भाषेतली ही रिकामी जागा अज्ञानातून आलेली नाही. चिखलात पायांभोवतीचे कापड जड होते, चालणे अडवते आणि वाळायला दिवस घेते. कातडी घटकाभरात वाळते. उबदार हवेत पाय भिजले म्हणून अंग गारठत नाही, पाठ गारठली तर बिघडते. कोणते पाणी अडवायचे आणि कोणते अंगावरून जाऊ द्यायचे, याचा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा निर्णय आहे. गिर्यारोहकाच्या जलरोधक विजारीचा इतिहास आम्ही याच निर्णयाचा इतिहास म्हणून वाचू इच्छितो.

हा विषय झाडीपट्टीला परका वाटेल, पण तसा तो राहिलेला नाही. आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’ मोहिमेत चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास कातमोडे आणि विकास सोयाम हे पाच विद्यार्थी मे २०१८ मध्ये एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचले. त्यांची तयारी ऑगस्ट २०१७ पासून वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग आणि लेह येथे झाली होती. त्यांच्या धैर्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आणि ते योग्यच होते. मात्र अशा लेखनात धैर्याच्या अंगावर काय होते, हे बहुधा गळून जाते. जेथे पाय उघडे ठेवणे हेच शहाणपण, अशा प्रदेशातली मुले जेथे उघडा पाय म्हणजे गमावलेला पाय, अशा ठिकाणी गेली होती. ओले कापड तेथे केवळ गैरसोयीचे नसते. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पटींनी वेगाने उष्णता वाहून नेते.

मग केवळ न भिजणारे कापड का पुरत नाही? चार्ल्स मॅकिंटॉश याने १८२३ मध्ये दोन कापडांमध्ये रबराचा थर घालून जलरोधक कापडाचे पेटंट घेतले. बाहेरचा पाऊस थांबला. पण आतला घामही आतच राहिला. चढणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा शत्रू घरात कोंडण्याचा प्रकार होता. थॉमस बर्बरी याने १८७९ मध्ये वेगळी वाट धरली. सूत आधीच जलरोधक करून घट्ट विणलेले त्याचे गॅबर्डिन मुसळधार पावसापुढे हरत असे, पण ते वारा अडवी आणि घामाला वाट देई.

१९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज मॅलरी याच्या अंगावर रेशीम, सूत आणि लोकर यांचे थर होते आणि वरून गॅबर्डिन. गुडघ्याखाली त्याने काश्मिरी लोकरीच्या पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या. इंग्रजीतला ‘पटी’ हा शब्द आपल्याच ‘पट्टी’चा. पाय झाकायला आपण फारसीकडून शब्द घेतला आणि हिमालयात पाय झाकायला इंग्रजीने आपल्याकडून. शब्दांचा हा व्यवहार आम्हांला मोठा बोलका वाटतो.

त्या काळच्या मोहिमांच्या वेषाची थट्टा बर्नार्ड शॉने केली होती, आणि ट्वीड घालून मृत्यूला सामोरे गेलेले भाबडे साहेब हे चित्र पुढे पक्के झाले. मॅलरीचा देह १ मे १९९९ रोजी सापडला. त्याच्या कपड्यांच्या अवशेषांवरून हुबेहूब पोशाख शिवला गेला आणि ग्रॅहम हॉयलंड याने २००६ मध्ये तो एव्हरेस्टच्या परिसरात वापरून पाहिला. पोशाख हलका होता, हालचालीला मोकळा होता, चालत्या माणसाला पुरेसा उबदारही होता. उघड्यावर रात्र काढायला मात्र अपुरा. एका टिंगलीने ठरवलेला इतिहास शिवणकामाने दुरुस्त केला, असे म्हणायला हरकत नाही.

मॅकिंटॉश आणि बर्बरी यांच्यातला पेच १९६९ मध्ये सुटू लागला. बॉब गोर याने तापवलेले टेफ्लॉन झटक्यात ताणले आणि त्यातून सूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा तयार झाला. पाण्याचा थेंब त्यातून शिरू शकत नाही, घामाची वाफ मात्र निघून जाते. १९७६ पासून ‘गोर-टेक्स’चे कपडे बाजारात आले. तरी हा पापुद्राही सर्वशक्तिमान नाही. वरच्या कापडावरचा पाणी निथळवणारा लेप झिजला की कापड भिजून जड होते आणि वाफेची वाट बुजते. त्या लेपांत वापरली गेलेली फ्लोरिनयुक्त रसायने निसर्गात जवळजवळ विघटित होत नाहीत. म्हणून कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क या राज्यांनी २०२५ पासून कपड्यांतल्या त्यांच्या वापरावर बंधने आणली. डोंगरावर पाणी अडवणारी वस्तू डोंगराखालचे पाणी नासवते, हा या इतिहासातला नवा अध्याय.

तेव्हा विजार निवडताना ‘सर्वांत जलरोधक कोणती’ हा प्रश्नच अपुरा ठरतो. बुटांना लोखंडी काटे बांधलेले असताना ती चढवता-उतरवता यावी, म्हणून बाजूची चेन कमरेपासून घोट्यापर्यंत हवी. त्याच काट्यांनी फाटू नये म्हणून घोट्याच्या आतल्या अंगाला जाड ठिगळ हवे. उंच पाऊल टाकताना गुडघा अडू नये, कमरेच्या दोरपट्ट्याखाली चुणी रुतू नये, आणि घाम वाढला की मांडीची चेन उघडता यावी. आठ हजार मीटरवर तर बर्फ सहसा वितळत नाही. तेथे शत्रू पाणी नसून वारा आणि थंडी असतात, आणि आरोहक पिसांचा जाड पोशाख घालतात. जलरोधक विजारीचे खरे राज्य त्याच्या खाली, ओल्या बर्फात आणि पावसात. सर्वांत उंच जागी सर्वांत जलरोधक वस्त्र लागते, हा आपला समज शिखराने खोडून काढला आहे.

साहित्याच्या अभ्यासकांसाठी हे सारे मांडण्याचे कारण एवढेच की, आपण वीरगाथा वाचतो तेव्हा वस्त्र हे वर्णनाचा भाग समजून पुढे जातो. वास्तविक त्या वस्त्रात माणसाने आपल्या हवामानाशी केलेला करार लिहिलेला असतो. गुडघ्यावर लुगडे खोचणारी सिंदेवाहीची रोवणारीण आणि घोट्यापर्यंत चेन ओढणारा तिच्याच जिल्ह्यातला आरोहक यांच्यात मागासलेले आणि पुढारलेले असे काही नाही. दोघेही एकाच प्रश्नाची आपापल्या पाण्यापुरती उत्तरे देत आहेत. तिचे उत्तर शोधणाऱ्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत आणि त्यावर पेटंटही नाही, म्हणून ते इतिहासात येत नाही. आणि तेवढ्यासाठीच ते येथे नोंदवून ठेवावेसे वाटले.