आजीचं धुकं

जानेवारीत सकाळी भुईगावच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की क्षितिज दिसत नाही. आजी त्याला धुकं म्हणायची. पण धुकं उन्हात विरतं. हे दुपारीही तसंच, तपकिरी.

त्याचा माग 1999 मध्ये लागला. वीरभद्रन रामनाथन आणि पॉल क्रुट्झेन यांच्या इंडोएक्स मोहिमेची विमानं जानेवारी ते मार्च मालदीवहून उडाली. हिवाळी वाऱ्यांनी आपल्याकडून समुद्रावर नेलेला काजळी आणि सल्फेटचा थर त्यांना सापडला, सुमारे 3 किलोमीटर उंचीपर्यंत. आपला मतलई वाराही पहाटे हेच करतो. 2002 मध्ये त्याला 'आशियाई तपकिरी ढग' म्हटलं गेलं. भारतातून आक्षेप आले, पुढे 'आशियाई' गळलं. ढग राहिला.

सल्फेट ऊन परतवतं, काजळी ते शोषून हवा तापवते. खाली समुद्राला ऊन कमी, म्हणून वाफ कमी. खरी पंचाईत पुढेच आहे: हे कण आठवड्याभरात धुऊन जातात, कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं टिकतो. धूर थांबला, तर त्यानं झाकलेली उष्णता उघडी पडणार.

तरी मला तो थांबायला हवा आहे. आजीनं चाळीस वर्षं चूल फुंकली. गॅस आला, खोकला गेला नाही.