मामाजींची मूळव्याध आणि बापूंचं ऑपरेशन

देवळी तालुक्यातल्या माझ्या मामाजींना संडासच्या वेळी रक्त पडत होतं. हे घरात कळायला दीड वर्ष लागलं.

मामींनी विचारलं तर म्हणाले, "हे का लोकाईले सांगाची गोष्ट हाय?" त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं की आपल्याला मूळव्याध आहे. गावाकडच्या रस्त्याने जाताना भिंतींवर 'मूळव्याध, भगंदर, विना ऑपरेशन' असं रंगवलेलं तुम्हीही पाहिलं असेल. तशाच एका ठिकाणाहून ते चूर्ण आणि मलम आणत राहिले. तिथे त्यांना कोणी तपासलंच नाही. वजन उतरलं, चेहरा पांढरा पडला, तेव्हा आम्ही त्यांना वर्ध्याला नेलं. दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरने हातमोजा घातला, बोटाने तपासलं आणि मिनिटभरात त्याला गाठ लागली. पुढे तुकडा काढून तपासला. गुदाशयाचा कॅन्सर. मामाजी तेव्हा ५८ वर्षांचे होते.

एमआरआयचा नंबर लागायला दिवसभर वेळ होता. मी शेअर ऑटोने सेवाग्रामला गेलो. शाळेच्या सहलीत पाहिलेली बापू कुटी या वेळी जरा वेगळी दिसली. शौचाबद्दल एवढं उघडपणे बोलणारा आणि लिहिणारा दुसरा नेता आपल्याकडे झाला नसेल, आणि त्याच्या आश्रमापासून काही कोसांवर माझे मामाजी दीड वर्ष गप्प बसले होते.

पाठ्यपुस्तकात नसलेला भाग सांगतो. १९१८ मध्ये गांधीजी खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायपीट करत होते. खाणं म्हणजे शेंगदाण्याचं लोणी आणि लिंबू. त्यातून हगवण लागली. चोवीस तासांत तीस-चाळीस वेळा जावं लागलं, हा आकडा त्यांनी स्वतः आत्मकथेत लिहिला आहे. त्या दुखण्यातून ते नीट उठलेच नाहीत. पुढे गुदद्वाराला चिरा पडल्या, ज्याला डॉक्टर फिशर म्हणतात. शौचाच्या नुसत्या कल्पनेनेही धडकी भरावी अशी वेदना. मुंबईचे डॉ. दलाल ऑपरेशन करायला तयार होते, पण आधी अंगात ताकद हवी, त्यासाठी दूध घ्या म्हणाले. गांधीजींनी तर दूध न पिण्याचं व्रत घेतलेलं! तेव्हा खाटेजवळ उभ्या असलेल्या कस्तुरबा म्हणाल्या की व्रत घेताना तुमच्या मनात गाय-म्हैस होती, मग शेळीच्या दुधाला काय हरकत? गांधीजींनी मानलं, पण व्रताचा शब्द पाळला आणि आत्मा मारला ही बोच त्यांना कायम राहिली. गांधीजींची शेळी सगळ्यांना माहीत आहे. ती त्यांच्या आयुष्यात फिशरमुळे आली, हे मात्र कोणी सांगत नाही.

ऑपरेशन जानेवारी १९१९ मध्ये झालं. त्याच आजारपणात त्यांनी वर्तमानपत्रात रौलट समितीच्या अहवालाबद्दल वाचलं आणि ६ एप्रिलला देशभर हरताळ झाला. नीट बसताही येत नव्हतं अशा माणसाने तीन महिन्यांत देश उभा केला.

दुसरं ऑपरेशन आपल्या पुण्यातलं. येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांना अपेंडिक्सचा त्रास झाला. मोठं आतडं जिथे सुरू होतं तिथे लोंबणारी ही छोटी शेपटी. फुटली तर जीव जातो. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री ससूनमध्ये कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. बाहेर वादळ. मध्येच वीज गेली, मग टॉर्चही विझला, आणि शेवटी कंदिलाच्या उजेडात काम पुरं झालं. १९०९ च्या 'हिंद स्वराज'मध्ये याच माणसाने डॉक्टर आणि इस्पितळांवर सडकून टीका केली होती. मला ही विसंगती आवडते. मत एका बाजूला, पोटातलं दुखणं एका बाजूला; वेळ आली तेव्हा त्यांनी संमतीच्या कागदावर सही केली.

मग ते वर्ध्याला आले. १९३५ मध्ये मगनवाडीतली मंडळी शेजारच्या सिंदी गावात रोज रस्त्यावरचा मैला उचलायला जायची. महादेवभाई देसाई, मीराबेन यांच्यासारखी माणसं बादल्या घेऊन. गावकरी आधी बघत बसायचे. १९३६ मध्ये गांधीजी शेगावला राहायला गेले. बुलढाण्याच्या शेगावशी टपालाचा घोळ व्हायचा म्हणून १९४० मध्ये त्याचं सेवाग्राम झालं. चरात पुरलेल्या मैल्याचं सोनखत कसं करायचं, जेवणात चोथा किती असावा, एनिमा कधी घ्यावा, अशा गोष्टींवर इथे प्रार्थनेइतक्याच गांभीर्याने चर्चा चालायची. त्यांचे सगळेच उपाय आज टिकणार नाहीत, एनिमाचा सोस तर नाहीच. पण आपल्या पोटातून काय बाहेर पडतं याकडे बघायचं, आणि बोलायचं, एवढं त्यांनी शिकवायचा प्रयत्न केला.

कस्तुरबांच्या नावाने डॉ. सुशीला नायर यांनी इथे दवाखाना उभा केला. १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, त्याचं वैद्यकीय महाविद्यालय झालं. आसपासच्या गावांनी सुगीत कुवतीप्रमाणे ज्वारी जमा करायची आणि त्या बदल्यात उपचार घ्यायचे, असा ज्वारीचा विमा डॉ. उल्हास जाजू यांनी इथेच चालवला. सध्या मामाजींसारख्यांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार असतो.

म्हणजे डॉक्टर आहेत, पैशाची सोय आहे. अडतं ते आधीच्या पायरीवर. हा कॅन्सर बहुतेक वेळा आतड्याच्या अस्तरावरच्या मोडासारख्या पॉलिपमधून होतो आणि त्याला साधारण दहा वर्षं लागतात. एवढा अवधी फार थोडे कॅन्सर देतात. शौचातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधणारी फिट नावाची तपासणी आहे, घरी डबीत नमुना घ्यायचा आणि द्यायचा. त्यात काही आढळलं तर कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बीण घालून आतडं बघायचं; पॉलिप दिसला तर तिथल्या तिथे काढून टाकता येतो. अमेरिकेत त्रास नसलेल्यांनाही ४५ व्या वर्षापासून तपासणी सांगतात. आपल्या सरकारी तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीन कॅन्सर आहेत, मोठं आतडं नाही. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच कमी आहे, म्हणून ते समजण्यासारखंही आहे. पण त्यामुळे घरोघरी येणारी आशाताई हा प्रश्न विचारणार नाही. ज्याचं त्यालाच बघावं लागणार, आणि रक्त, बदललेली सवय, पोट साफ न झाल्याची भावना यांपैकी काही टिकून राहिलं तर वय न बघता डॉक्टरला सांगावं लागणार. विशीतिशीतल्यांनीसुद्धा.

मामाजींना आधी रेडिएशन आणि केमो दिली, गाठ आक्रसली, मग शस्त्रक्रिया झाली. शंभर वर्षांपूर्वी अशा रोग्याचं गुदद्वारच काढून पोटावर कायमचा मार्ग करत. मामाजींची पिशवी चार महिन्यांपुरतीच होती. पहिल्या आठवड्यात ते तिच्याकडे बघायलाही तयार नव्हते. महिन्याभराने स्वतः बदलायला लागले, आणि पिशवी घेऊनच एका लग्नाला जाऊन आले. मांडवात कोणी विचारलं तर सदरा वर करून दाखवत होते. मामींनीच हात धरला.

डॉक्टरांनी सांगितलंय की सख्ख्या भावंडांनी चाळिशीनंतर कोलोनोस्कोपी करून घ्यावी. धाकटे मामा पुलगावला असतात, ४४ वर्षांचे. दर रविवारी मामाजी त्यांना फोन लावतात. "मले काहीच तरास नाही ना दादा," ते म्हणतात. मग सोयाबीन निघालं की जाऊ, असं ठरलं. सोयाबीन निघालं. आता कापसाची वेचणी सुरू आहे.