टेलोमिअर
टेलोमिअर म्हणजे गुणसूत्राच्या टोकाला असणारा, डीएनए व प्रथिने यांचा बनलेला संरक्षक भाग होय. मानवात त्यातील डीएनएमध्ये टीटीएजीजीजी हा सहा घटकांचा क्रम पुनःपुन्हा येतो.

डीएनएची प्रत तयार होताना अगदी टोकाचा थोडा भाग प्रतीविना राहतो. त्यामुळे प्रत्येक विभाजनागणिक टेलोमिअर आखूड होतो व अखेरीस पेशीचे विभाजन थांबते. जननपेशी निर्माण करणाऱ्या पेशींत टेलोमरेज हे विकर स्वतःजवळील आरएनएच्या साच्यावरून ही झीज भरून काढते. शरीरातील बहुतेक पेशींत ते निष्क्रिय असते. मात्र बहुसंख्य कर्करोगांत ते पुन्हा सक्रिय होते आणि त्या पेशी अमर्याद विभाजित होऊ शकतात.

एलिझाबेथ ब्लॅकबर्न व कॅरोल ग्रायडर यांनी १९८४ मध्ये टेट्राहायमेना या एकपेशीय जीवात टेलोमरेज शोधले. टेलोमिअरविषयक संशोधनासाठी या दोघींना व जॅक शोस्टाक यांना २००९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.