फिल्टर लावण्याआधी: रकाना कोणी आखला?

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न असा: "कंपन्यांच्या डेटाबेसमध्ये नेमके कोणते फिल्टर लावायचे? एक तयार यादी द्या ना." म्हणजे विक्रीची वाढ इतकी, कर्ज इतकं, नफा इतका, बटण दाबलं की दहा नावं. यादी देता येईल, पण ती लावल्यावर कोण गळून पडतं आणि का, हे कळायला थोडा इतिहास लागतो. म्हणून आजचा भाग इतिहासाचा. आणि त्यातला बराचसा आपल्या मुंबईतच घडलेला आहे.

एका उदाहरणाने सुरू करू. घाटकोपरहून वर्सोव्याकडे जाणारी मेट्रो पकडली की मध्ये चकाला लागतं. तिथे कार्डिनल ग्रेशस रोडवर प्रॉक्टर अँड गॅम्बलचं ऑफिस आहे. व्हिस्पर आणि विक्स विकणारी त्यांची शेअर बाजारात नोंदलेली कंपनी म्हणजे पी अँड जी हायजीन. आता फिल्टर लावा: "विक्री मागच्या वर्षीपेक्षा वाढलेली हवी." २०२४-२५ च्या आकड्यांवर ही कंपनी यादीतून बाहेर जाते. धंदा कोसळला म्हणून का? नाही. त्या वर्षी कंपनीने आपलं आर्थिक वर्ष जुलै-जूनवरून एप्रिल-मार्चवर आणलं, त्यामुळे ते 'वर्ष' नऊच महिन्यांचं झालं. नऊ महिन्यांची तुलना बारा महिन्यांशी केली तर धंदा जागच्या जागी असला तरी २५ टक्के घट दिसणार. धंदा १० टक्क्यांनी वाढला असता तरीही साडेसतरा टक्के घटच दिसली असती. फिल्टरला महिने मोजता येत नाहीत, तो फक्त 'विक्री' नावाच्या रकान्यात डोकावतो.

हे आज अपवाद वाटतं, पण एके काळी हाच नियम होता. १९५६ च्या कंपनी कायद्यात आर्थिक वर्ष बारा महिन्यांचंच असलं पाहिजे अशी सक्ती नव्हती. पंधरा महिन्यांपर्यंत चालायचं, आणि रजिस्ट्रारची खास परवानगी घेतली तर अठरा. कोणाचं वर्ष डिसेंबरला संपायचं, कोणाचं जूनला, आणि पेढ्यांवर तर दिवाळीला चोपड्या बदलायच्या. त्यामुळे एखाद्या कंपनीला वाईट वर्ष झाकायचं असेल तर सोपा मार्ग होता: वर्ष लांबवा. अठरा महिन्यांची विक्री मागच्या बारा महिन्यांशेजारी छापली की काहीही न करता दीडपट वाढ. पुढच्या वर्षी त्याचं बिंग फुटायचं, पण तोवर भागधारकांची सभा आटोपलेली असायची. १९८९ पासून प्राप्तिकरासाठी सगळ्यांना एप्रिल-मार्च आलं आणि बराच गोंधळ मिटला. २०१३ च्या कंपनी कायद्याने ३१ मार्च ही तारीखच ठरवून टाकली. सवलत राहिली ती मुख्यतः परदेशी कंपन्यांशी बांधलेल्यांना, कारण त्यांच्या मूळ कंपनीचं वर्ष वेगळं असतं. प्रॉक्टरचं अमेरिकेत जूनला संपतं, सीमेन्सचं जर्मनीत सप्टेंबरला. चकाल्यातला जून तिथून आला होता.

तेव्हा वाढीचा कुठलाही फिल्टर लावताना आधी महिन्यांचा रकाना शोधा. चांगल्या डेटाबेसमध्ये तो असतो. स्क्रीनरवर वर्षाच्या खाली बारीक अक्षरात '९एम' असं लिहिलेलं येतं, पण ते कंपनीच्या पानावर. गाळलेल्या यादीत ती कंपनीच येत नाही, मग ते बारीक अक्षर वाचणार कोण? त्यापेक्षा 'मागचे बारा महिने' हा रकाना बरा.

आता, हे रकाने आले कुठून? सत्तरच्या दशकापर्यंत कंपनीची माहिती म्हणजे कागद. वार्षिक अहवाल, शेअर बाजाराच्या डिरेक्टरीचे जाडजूड खंड आणि दलालांच्या ऑफिसातल्या फायली. एका कंपनीबद्दल वाचायचं तर ठीक, पण "ज्या कंपन्यांचं कर्ज भांडवलापेक्षा कमी आहे त्या सगळ्या काढा" म्हटलं तर माणसं बसवून आठवडा घालवावा लागणार. मुळात प्रत्येक कंपनी ताळेबंद आपापल्या पद्धतीने मांडायची. एकाची 'इतर देणी' म्हणजे दुसऱ्याचं 'अल्पमुदतीचं कर्ज'.

१९७६ साली अर्थतज्ज्ञ नरोत्तम शहा यांनी मुंबईत सेंटर फॉर मॉनिटरिंग इंडियन इकॉनॉमी, म्हणजे सीएमआयई, सुरू केली. तिचं ऑफिस पुढे बरीच वर्षं अंधेरी-कुर्ला रोडवर होतं, म्हणजे त्याच मेट्रोच्या पुलाशेजारच्या पट्ट्यात. नव्वदच्या दशकात त्यांनी 'प्रोवेस' हा कंपन्यांचा डेटाबेस आणला. त्यातलं खरं काम टायपिंगचं नव्हतं. हजारो कंपन्यांचे वेगवेगळ्या साच्यांतले ताळेबंद एकाच साच्यात बसवायचे, आणि कुठली रक्कम कुठल्या रकान्यात जाईल हे दर वेळी ठरवायचं. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत याला स्कीमा म्हणतात, पण शब्द बाजूला ठेवा. कोणीतरी बसून निर्णय घेतले आणि आपण आज त्या निर्णयांवर फिल्टर लावतो. मला तरी हे काम शेअर बाजारातल्या कुठल्याही तेजी-मंदीइतकंच रोमांचक वाटतं. (बायको म्हणते, म्हणूनच तुझ्या पॉडकास्टला ऐकणारे कमी आहेत.)

प्रोवेसमध्ये एक विलक्षण गोष्ट होती. जुन्या कायद्यानुसार कारखानदार कंपन्यांना प्रत्येक उत्पादनाचं प्रमाण सांगावं लागायचं: किती टन साबण, किती पंखे, किती किलोमीटर केबल. त्यामुळे एखादी कंपनी किंमत वाढवून वाढली की माल जास्त विकून वाढली, हे वेगळं काढता यायचं. १९९१ नंतर आयातकर उतरल्यावर भारतीय कारखान्यांनी काय बनवायला घेतलं, यावर जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांनी याच आकड्यांवर संशोधन केलं. २०११ मध्ये ताळेबंदाचा नवा नमुना आला आणि हा तपशील देण्याची सक्ती गेली. म्हणजे २०११ च्या पुढे तुम्ही 'विकलेले नग' असा फिल्टर लावला तर बऱ्याच कंपन्यांपुढे रिकामी जागा.

आणि ही रिकामी जागा म्हणजे शून्य नाही. प्रोग्रामर लोकांना हे पहिल्या वर्षी शिकवतात, गुंतवणूकदारांना कोणी शिकवत नाही. "कर्ज १०० कोटींपेक्षा कमी" असं विचारलं आणि एखाद्या कंपनीचा कर्जाचा रकाना भरलेलाच नसेल, तर बहुतेक डेटाबेस तिला यादीत घेत नाहीत. "१०० कोटींपेक्षा जास्त" विचारलं तरी घेत नाहीत. ती कंपनी दोन्हीकडून गायब. म्हणून एकदा उलटा फिल्टर लावून बघायची सवय ठेवा. दोन्ही याद्यांची बेरीज एकूण कंपन्यांइतकी येते का? नाही आली, तर मधली माणसं कुठे गेली ते शोधा. बँकांचं तर वेगळंच दुखणं आहे. दुसऱ्याच्या पैशावर चालणं हाच त्यांचा धंदा, त्यामुळे 'कर्ज कमी हवं' म्हटलं की सरसकट बँका उडतात. आणि १ जुलै २०२३ ला एचडीएफसी लिमिटेड एचडीएफसी बँकेत विलीन झाली, त्यामुळे त्या वर्षीच्या वाढीचा आकडा मागच्या वर्षाशेजारी ठेवण्यात फारसा अर्थ नाही.

आता उद्योगाचा रकाना. माझ्या मते सगळ्यात फसवा हाच. प्रत्येक कंपनीला एकवीस अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक असतो, त्याला सीआयएन म्हणतात. पहिलं अक्षर सांगतं की शेअर बाजारात नोंद आहे की नाही, पुढचे पाच आकडे उद्योग, मग राज्य, स्थापनेचं साल, प्रकार आणि नोंदणी क्रमांक. वाचायला शिकलात तर फार उपयोगी. रिलायन्स इंडस्ट्रीजचा क्रमांक असा: एल १७११० एमएच १९७३ पीएलसी ०१९७८६. १९७३ हे स्थापनेचं साल, एमएच म्हणजे महाराष्ट्र. आणि १७ ने सुरू होणारा उद्योग? २००४ च्या सरकारी वर्गीकरणात १७ म्हणजे कापड. तेल शुद्ध करणारी, मोबाईल जोडण्या विकणारी, मॉल चालवणारी कंपनी आपल्या ओळखपत्रावर आजही कापडवाली आहे, कारण १९७७ मध्ये लोकांकडून भांडवल उभारलं तेव्हा ती रिलायन्स टेक्स्टाइल होती. इन्फोसिसचा उद्योग-आकडा ८५ ने सुरू होतो. त्याच यादीत ८५ म्हणजे आरोग्य आणि समाजकार्य! या पाच आकड्यांवर फिल्टर लावून कोणी 'सॉफ्टवेअर कंपन्या' काढल्या तर काय होईल बघा.

प्रोवेसवाल्यांनी म्हणूनच वेगळी वाट धरली: विक्रीतला मोठा वाटा कशातून येतो ते पाहून उद्योग ठरवायचा. नावावर जायचं नाही. आणि नावावर जाणाऱ्यांचं काय होतं ते १९९९-२००० मध्ये दिसलं. संगणकाची लाट होती, आणि धंदा जुनाच ठेवून नावापुढे 'इन्फोटेक' किंवा 'सॉफ्टवेअर' जोडणाऱ्या कंपन्यांची रांग लागली. पुढे सेबीने नियम घातला: नव्या नावातून जो धंदा सुचतो, त्यातून मागच्या वर्षीचं किमान ५० टक्के उत्पन्न आलेलं असलं पाहिजे, तरच नाव बदला. म्हणजे शेवटी नियमही विक्रीच्या रकान्यापाशीच आला.

आतापर्यंत चुकीच्या रकान्यात बसलेल्यांबद्दल बोललो. रकान्यातच नसलेल्यांचं काय?

मे १९९२ मध्ये भांडवल उभारणीवरचं सरकारी नियंत्रण गेलं. किंमत कंपनीने ठरवायची, लोकांनी घ्यायची. पुढची तीन-चार वर्षं इश्यूंचा पूर आला, एकट्या १९९५-९६ मध्ये हजाराहून जास्त. मुलुंड, बोरिवलीच्या कितीतरी घरांत गोदरेजच्या कपाटात अजून त्या काळची कागदी सर्टिफिकेटं निघतात, रंगीत, नक्षीदार. त्यातल्या काही कंपन्यांनी पैसे घेतले आणि त्या सापडेनाशा झाल्या. ऑफिसच्या पत्त्यावर कोणी नाही, अहवाल नाही, संचालक नाहीत. सरकारने आणि सेबीने मिळून अशा २३८ कंपन्या 'गायब कंपन्या' म्हणून नोंदल्या. नंतर त्यातल्या बऱ्याच सापडल्या, पण सगळ्या नाही.

आज एखाद्या साध्या स्क्रीनरवर "तीस वर्षांपूर्वी नोंदलेल्या कंपन्यांनी काय परतावा दिला" असं तपासलंत तर त्या गायब कंपन्या त्यात नसतील. उरलेल्यांची सरासरी येईल, आणि ती छानच येणार, कारण बुडालेले मोजलेलेच नाहीत. यूट्यूबवर "हा फिल्टर लावला असता तर लाखाचे कोटी झाले असते" म्हणणारे बहुतेक जण या उरलेल्यांच्या यादीवर गणित करतात. विचारायचा प्रश्न एकच: बंद पडलेल्या, काढून टाकलेल्या, विलीन झालेल्या कंपन्या या डेटाबेसमध्ये आहेत का? नसतील तर जुन्या काळावर लावलेला फिल्टर करमणूक म्हणून बघा.

आणि आता २०१७. फिल्टरमधून निघालेल्या यादीने खऱ्या कंपन्यांचं काय होऊ शकतं ते त्या वर्षी दिसलं.

कंपन्यांचे कागद २००६ पासून एमसीए-२१ या सरकारी पोर्टलवर जमा होऊ लागले. २०११ पासून मोठ्या कंपन्यांना ताळेबंद एक्सबीआरएल नावाच्या साच्यात द्यावा लागू लागला, म्हणजे प्रत्येक आकड्याला यंत्राला वाचता येईल अशी चिठ्ठी. एवढा डेटा हाताशी आल्यावर सरकारनेही फिल्टर लावले. सलग दोन किंवा जास्त वर्षं विवरणपत्रं न भरणाऱ्या कंपन्या काढल्या, आणि २०१७ च्या अखेरीपर्यंत सुमारे सव्वादोन लाख कंपन्यांची नावं रजिस्टरमधून पुसली गेली. निकष सोपा होता आणि तपासता येण्यासारखा.

दुसरी यादी वेगळी होती. ९ जून २०१७ ला कंपनी मंत्रालयाने सेबीला ३३१ नोंदणीकृत कंपन्यांची नावं पाठवली: संशयित शेल कंपन्या. ७ ऑगस्टला सेबीने शेअर बाजारांना पत्र दिलं आणि या कंपन्यांचे व्यवहार जवळजवळ बंद झाले. महिन्यातून एकदाच, पहिल्या सोमवारी, तेही खरेदीदाराने दुप्पट अनामत ठेवून. रात्रीतून हजारो लोकांचे शेअर अडकले. त्या यादीत जे. कुमार इन्फ्राप्रोजेक्ट्स होती. आज बोरिवलीहून अंधेरीकडे जी २ए मेट्रो धावते, तिचे खांब उभारण्याचं काम त्या वेळी याच कंपनीकडे होतं. प्रकाश इंडस्ट्रीजही होती, पोलाद बनवणारी. दोघी रोखे अपील न्यायाधिकरणात गेल्या, आणि १० ऑगस्टला, तीनच दिवसांत, त्यांच्यापुरती स्थगिती मिळाली. न्यायाधिकरणाचं म्हणणं असं होतं की सेबीने स्वतः काहीच चौकशी न करता दुसऱ्याच्या यादीवरून इतकं कडक पाऊल उचललं. मंत्रालयाने 'संशयित' म्हणून पाठवलेली नावं होती. मध्ये कोणी थांबून विचारलं नाही की हा संशय कशावरून.

आणखी एक गोष्ट. ज्या शब्दावर ही सगळी यादी बेतली होती, त्या 'शेल कंपनी'ची व्याख्या आपल्या कंपनी कायद्यात नाही.

तर फिल्टरची तयार यादी हवी असणाऱ्यांनो, पुढच्या भागात आपण एकच कंपनी घेऊ आणि तिचा अहवाल आणि डेटाबेसमधलं पान शेजारी उघडून रकाना रकाना जुळवू. अहवाल आधीच डाउनलोड करून ठेवा, तो दोनशे पानांचा आहे.