गरम फुंकर

रुमाल नाकाला लावा आणि पायांखाली बघून चाला. ग्लासगोच्या पूर्वेला, क्लाइड लोहकारखान्याच्या आवारात तुम्ही उभे आहात. 1829 सालचा हिवाळा. समोर धुमसणारे काळे ढीग दिसताहेत ना, तो पेटवून दिलेला दगडी कोळसा. त्याचा कोक होतोय. निम्म्याच्या आसपास वजन धूर होऊन उडतंय, त्यातलं चिमूटभर आत्ताच तुमच्या घशात उतरलं. सडक्या अंड्यांचा वास येतोय? गंधक. सवय होते म्हणतात. मला नाही झाली.

झोतभट्टीपाशी या. होळीपुढे उभं राहिल्यासारखं, छाती भाजतेय आणि पाठ गारठलेली. उघड्या माथ्यातून ज्वाळा उसळताहेत आणि त्याच तोंडात माणसं कोक, लोहखनिज, चुनखडी ओतताहेत. वाफेच्या इंजिनाचा भाता धप् धप् हवा ढकलतोय. दणका कानाआधी पोटात जाणवतो. बोलायचं तर ओरडून बोला.

त्या हवेच्या नळाला हात लावा. लावा हो, भाजणार नाही. गारढोण! हिवाळ्यात भट्टी छान चालते हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक, म्हणून हवा थंडच हवी असा जाणत्यांचा हट्ट. कुणी हवेची टाकी पांढरी रंगवतं, कुणी हवा गार पाण्यावरून नेतं. उन्हाळ्यात भट्टी मंदावते ती हवेतल्या ओलीने, आणि हे शहाणे तीच हवा पाण्यावरून फिरवून आणतात!

फुंकणीच्या तोंडातून आत डोकवा. गार झोताने थिजलेल्या मळीचं काळं नाक लोंबतंय. ते सारखं पहारीने पाडायचं. एवढं करून एक टन कच्च्या लोखंडापायी 8 टनांहून जास्त कोळसा खर्ची पडतो.

जेम्स नीलसन हा काही लोखंडाच्या धंद्यातला माणूस नव्हे, शहराच्या गॅस कारखान्याचा व्यवस्थापक. तो म्हणतोय, हवा आधी तापवा, मग आत सोडा. लोक हसतात.

डोळे मिटा. उघडा. 1833. जागा तीच, पण कोकचे ढीग गेले. आता कच्चा कोळसाच भट्टीत पडतो. (धूर आहेच, पण तो आता माथ्यावरून निघतो.) अहो, नळाला हात नको! शेजारच्या वेगळ्या आगीवर तापून हवा 315 अंशांवर आलीय, शिसं वितळायच्या बेतात. तोटी वितळू नये म्हणून तिच्याभोवती पाणी खेळवलंय. डोकावून बघा, काळं नाक नाहीसं झालंय, आत भर दुपारचा सूर्य. आणि हवा तापवायचा कोळसा धरूनही टनामागे अडीच टनांच्या जरा वर भागतं.

सरका, बूच फोडताहेत! पांढरा-पिवळा लोट वाळूतल्या चरांत शिरला. मधला चर डुकरीण, बाजूंना ओळीने लुचणारी पिल्लं. म्हणून तर ‘पिग आयर्न’. तुमच्या बुटांचे तळ तापले. शेजारचा म्हातारा तुमच्या कानात ओरडतोय, ‘‘लोखंड खरं ते गार हवेचंच!’’ आणि ओरडता ओरडता हात शेकायला त्या तापल्या नळाकडे सरकतोय.