दोन बार

आमच्या घरी बारा बोअरची एक दुनाळी आहे. निवडणूक जाहीर झाली की ती ठाण्यात जमा करायची आणि निकाल लागला की परत आणायची. दर खेपेची पावती काकाजी परवान्याच्या पुस्तकात घडी घालून ठेवतात. ते पुस्तक आता पावत्यांनीच फुगलं आहे. बार मात्र कित्येक वर्षांत निघालेला नाही.

तरी काकाजी दर पावसाळ्यानंतर ती उतरवतात. अंगणात खाट टाकतात, बंदूक मोडून नळ्या वेगळ्या करतात आणि गजाला तेलाची चिंधी गुंडाळून आतून फिरवतात. मग नळी सूर्याकडे धरून एक डोळा मिटून बघतात. लहानपणी मीही बघत असे. आत गोल गोल चकाकत जाणारा उजेड आणि टोकाला आभाळाचा बंद्या रुपयाएवढा तुकडा दिसायचा. दस्त्याच्या डाव्या अंगाला तळहाताएवढी जागा काळी आणि गुळगुळीत झाली आहे. नेम धरताना आबाजींचा गाल तिथे टेकायचा. मी आबाजींना पाहिलं नाही. त्यांच्या चेहऱ्यातली मला हात लावता आलेली जागा ती एवढीच.

मूलकडच्या आमच्या गावची मालगुजारी १९५१ साली गेली. त्याच्या चारपाच वर्षं आधीची वाघाची गोष्ट आमच्या घरात रामायणासारखी सांगितली जाते. वाघाने बैल मारला, गारा नाल्याच्या काठी सापडला, आबाजींनी हाका लावला. मचाण मोहाच्या झाडावर होतं. काकाजी इथपर्यंत आले की उभे राहतात, खांद्याला हात लावतात आणि म्हणतात, "एकच बार. जाग्यावर पडला."

आजी ही गोष्ट बैठकीत कधी सांगत नसे. ती सांगायची सूप हातात असताना, धान पाखडताना, मान वर न करता. "दोन बार झाले, बापा. पहिल्यानं तो नुसता चिडला. मांगं फिरला अन् हाकेवाल्यांत शिरला."

हाकेकरी सगळे गोंड टोलीतले. हातात डबे, टिपऱ्या, एखाद्याकडे कुऱ्हाड, पायात काही नाही. वाघाने एकाचा खांदा धरला. दुसरा बार आबाजींनी मचाणावरून उतरून, जवळ जाऊन काढला. माणूस वाचला, पण त्याचा उजवा हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. दर दिवाळीनंतर त्याच्या घरी एक खंडी धान जायचं. ते मोजायला आजी स्वतः बसायची. घरातल्या फोटोत आबाजी खुर्चीवर आहेत, पायाशी वाघ आहे, मागे हाकेकऱ्यांची रांग आहे. तो माणूस त्या रांगेत नाही. वाघाच्या कातड्याला दोन भोकं होती, दुसरं शिवलेलं होतं, असंही आजी सांगायची. कातडं माझ्या जन्माआधीच कसरीने खाल्लं, त्यामुळे ती साक्ष गेली.

बंदुकीची गोष्ट दस्त्याच्या बाजूने सांगतात तशी नळीच्या बाजूनेही सांगता येते, हे मला आजीकडून कळलं. ते पक्कं झालं भामरागडकडे शाळेवर असताना.

तिकडे बारा बोअर नव्हती. तिकडे होती भरमार. एका माडिया म्हाताऱ्याने मला तिची सगळी रीत हातवारे करून दाखवली होती. आधी मापाने दारू नळीत ओतायची. सोरा, गंधक, कोळसा अशी ती दारू. त्यावर चिंधी ठासायची. मग शिशाचे तुकडे, पुन्हा चिंधी, पुन्हा गज. शेवटी घोड्याखाली टिकली बसवायची. "गुरुजी, पावसात टिकली भिजली की बंदूक म्हणजे नुसती काठी," तो म्हणाला. एवढं करून जनावर एकदाच घाबरवता येतं. दुसरा बार भरेपर्यंत डुकरांचा कळप धानाची बांधी तुडवून निघून जातो. भरमार त्याच्या बापाची होती, बापाला ती त्याच्या बापाकडून आली होती. रात्रीची जागल तिच्यावर, आणि पंडुमच्या सणाला गाव पारधीला निघे तेव्हा पुढेही तीच. तिच्या दस्त्यावरही गालाची जागा काळी झालेली असणार. पण ती मला बघता आली नाही. त्याने ती आधीच पोलिसांकडे देऊन टाकली होती.

आमची दुनाळी वारसा ठरली आणि त्याची भरमार गुन्हा ठरली, याचं कारण चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या इतिहासात आहे. १८५८ साली मोलमपल्लीच्या बाबुराव शेडमाके यांनी गोंड आणि रोहिल्यांची फौज उभी करून इंग्रजांशी सामना दिला. २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. उठावानंतर साऱ्या देशातच सरकारचा डोळा हत्यारांवर राहिला आणि १८७८ च्या कायद्याने परवान्याशिवाय बंदूक बाळगणं बंद झालं. गोऱ्यांना त्यातून सूट होती. आमच्याकडे परवाना मिळणार तो जमीनदाराला, मालगुजाराला, साहेबांच्या ओळखीतल्याला. जंगलाच्या पोटात राहणाऱ्याला अर्ज कुठे करायचा हेसुद्धा ठाऊक नव्हतं. पुढे १९८० पासून तेलंगणातून नक्षलवाद्यांची दलम उतरली. दलमच्या हातातही भरमार दिसू लागली, आणि धान राखणाऱ्या म्हाताऱ्याची बंदूक त्याच्या जिवावर बेतली. घरात असली तर एका बाजूचा संशय, दिली तर दुसऱ्या बाजूचा. अलीकडे गडचिरोलीत गावंच्या गावं वाडवडिलांच्या भरमार बंदुका पोलिसांच्या स्वाधीन करतात. वर्तमानपत्रात टेबलावर ओळीने मांडलेल्या दिसतात. ते योग्यच आहे, जीव मोठा. पण प्रत्येक नळीबरोबर एक गोष्ट होती, ती कुणी लिहून घेतलेली नसते. हे माझ्या मनाला लागतं.

बंदुकीचं घर कसं बदलतं याचं आमच्या मुलखातलं उदाहरण आमटे घराण्याचं आहे. वरोऱ्याजवळच्या गोरजाची जहागिरी असलेल्या घरात बाबा आमटे यांच्याकडे चौदाव्या वर्षीच स्वतःची बंदूक होती आणि ते शिकारीला जात. त्यांचा मुलगा प्रकाश हेमलकशाला राहिला. १९७३ साली तिथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. एकदा प्रकाश आणि पत्नी मंदाताईंना वाटेत माडिया शिकारी भेटले. खांद्यावर मेलेली माकडीण होती आणि तिला बिलगलेलं जिवंत पिलू. ते पिलू त्यांनी मागून घेतलं. प्राण्यांचं अनाथालय तिथून सुरू झालं. माडियांना दोष न देता, पोटासाठी मारणाऱ्याला धान्य देऊन पिलं घेणारी ती माणसं मला फार मोठी वाटतात.

शिकार मिटत गेली ती टप्प्याटप्प्याने. ताडोब्यात १९३५ सालीच बंदी आली आणि १९५५ ला राष्ट्रीय उद्यान झालं. १९७० ला देशभर वाघ मारणं थांबलं, १९७२ ला कायदा आला. ताडोब्याचं नाव ज्याच्यावरून पडलं तो गोंडांचा तारू वाघाशी झुंजताना गेला, असं सांगतात. तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे. त्याच्या गोष्टीत बंदूक नाहीच.

वाघ आणि माणूस मात्र आजही समोरासमोर आहेत. १३ जणांचा जीव घेणारा वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडशाच्या जंगलात धरला, तोही नेम धरूनच, पण गुंगीच्या इंजेक्शनचा. मोह वेचायला, सरपणाला, गुरांमागे जाणारी माणसं अजून अनवाणीच जातात.

मागच्या निवडणुकीत काकाजींना मीच गाडीने ठाण्यात नेलं. सोबत त्या हाकेकऱ्याचा नातू होता. आमच्या बांधीची जागल आता तोच करतो, टॉर्च आणि फटाके घेऊन. मागच्या सीटवर तो दुनाळी गुडघ्यांत उभी धरून बसला होता, कॅनव्हासच्या खोळीवर दोन्ही हात ठेवून. नाल्याचा पूल आला. काकाजींनी नेहमीसारखं बोट दाखवलं, "इथंच. मोहाचं झाड होतं." मग गारा सांगितला, हाका सांगितला, पहिला बार सांगितला.

नेहमीच्या जागी ते थांबले. आरशात त्यांनी मागे बघितलं. "मग तो मांगं फिरला," काकाजी म्हणाले, "अन् तुझ्या आज्याकडे गेला."